दोन कार्यप्रणाली आणि मराठीतील अर्धा र

पिंपळनेर (ता. साक्री, जि. धुळे) परिसरात अहिराणीबरोबर भिल्ल व कोकणा समाजांच्या बोलीही कानी पडतात. अशा बोलींची टिपणे संगणकावर संकलित करताना विंडोज व लिनक्स या दोन्ही कार्यप्रणालींशी अभ्यासकाचा संबंध येऊ शकतो. त्या एका यंत्रावर ठेवण्याचे मार्ग दोन : आरंभीच एकीची निवड करणे, किंवा एकीच्या अंतर्गत दुसरी आभासी यंत्ररूपाने चालविणे. पहिल्यात यंत्राचे सारे बळ एकीस मिळते. दुसऱ्यात दोन्ही हाताशी राहतात, पण स्मृती विभागली जाते.

तथापि खरा प्रश्न मजकुराचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. हा भेद दाखविणारा अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’ला हलन्त जोडून साधतो, तसाच ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही साधतो. डोळ्यांस रूप एकच. संगणकास मात्र ती दोन भिन्न होत. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. दोन प्रणालींतील कळफलक याबाबतीत निराळे असल्यास एकाच शब्दाची गणना दोन ठिकाणी होऊन वारंवारितेचे निष्कर्ष चुकतात. म्हणून संकलनापूर्वी एक लेखनसंकेत निश्चित करावा आणि गणनेपूर्वी सर्व मजकूर त्यात परिवर्तित करून घ्यावा, हे इष्ट होय.