समावर्तन झालें, पुढें काय?

गिरगांवांतील एखाद्या वाडींत मुलास वा मुलीस पीएच्.डी. मिळाली कीं पेढे वाटले जातात, दारावरच्या पाटीवर नांवामागें 'डॉ.' लागतें, आणि विद्याभ्यासाची सांगता झाली असें घरचीं माणसें समजतात. प्राचीन काळीं गुरुगृहींचें अध्ययन संपलें म्हणजे समावर्तन होई, व स्नातक घरीं परतून गृहस्थाश्रमास लागे. आजच्या संशोधकाचें तसें नाहीं. त्याचें समावर्तन होतें, पण पुढचें दार लगेच उघडत नाहीं. मधल्या ओसरीवर त्यास दोन वर्षें, चार वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ तिष्ठावें लागतें. 'पोस्ट-डॉक्टरल' म्हणतात ती हीच अवस्था.

हा काळ व्यर्थ जातो असें मात्र कोणी समजूं नये. त्याचें मोल पाहण्यास गिरगांवाहून परळपर्यंत गेलें तरी पुरे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं काम करून १९४९ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली. खानोलकरांनीं शिष्येस हाताशीं धरून ठेवलें नाहीं. पुढें परदेशीं जाण्यास उत्तेजनच दिलें. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत बाईंनीं शरीराबाहेर, काचपात्रांत पेशी जगविण्याची विद्या हस्तगत केली. १९५१ सालीं 'हेला' हा जगप्रसिद्ध पेशीवंश सिद्ध झाला तो याच प्रयोगशाळेंत. स्वदेशीं परतल्यावर बाईंनीं मुंबईस ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती या देशांतील पहिली मानली जाते.

या हकीगतींत गुरूचें उत्तेजन, शिष्यवृत्ति, नवी विद्या देणारी प्रयोगशाळा आणि परतल्यावर कामास जागा अशा चार गोष्टी जुळून आल्या. चौथी नसती तर पहिल्या तिन्ही वायां गेल्या असत्या.

कोणी म्हणेल, खऱ्या विद्वानास आश्रय कशाला हवा? आमच्या गिरगांवांतच, आंग्र्यांच्या वाडींत राहून, हायकोर्टांतील वकिली सांभाळून, महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळांत पांच खंडांत प्रसिद्ध केला, हें खरें. परंतु काण्यांस चरितार्थासाठीं वकिली होती, आणि त्यांच्या विद्येस पोथ्या, ग्रंथालय व दिव्याचा उजेड एवढें पुरत होतें. पेशी चाळीच्या खोलींत वाढत नाहींत. प्रयोगशाळेचें दार बंद झालें कीं शास्त्रज्ञाची विद्याच खुंटते.

सरकारनें या लोकांसाठीं राष्ट्रीय शिष्यवृत्ति ठेविली आहे. तिची मुदत दोन वर्षें, आणि सर्वसाधारण वयोमर्यादा पस्तीस. आमच्या शेजारच्या वाडींतील एक मुलगी रसायनशास्त्रांत डॉक्टर झाली आहे. तिचें विद्यावेतन एकदां कित्येक महिने आलेंच नाहीं. तेवढा काळ तिनें सायंकाळीं मुलांच्या शिकवण्या केल्या आणि दिवसां प्रयोग केले. मुदत संपतांना पुढें काय, हें तिला विचारणाराहि कोणी नव्हता. प्रयोग चुकला तर तो पुन्हां करतां येतो. उलटलेलें वय परत येत नाहीं.

म्हणून विद्यापीठांनीं या संशोधकांस केवळ जादा हात समजूं नये. त्यांना वर्ग शिकविण्याचा सराव द्यावा, निधीसाठीं अर्ज लिहिण्यास शिकवावें, कारखाने व औषधी कंपन्या यांतील वाटा दाखवाव्या, आणि मार्गदर्शकाखेरीज दुसरा एक वडीलधारा सल्लागार नेमून द्यावा. ब्रिटनमधील विद्यापीठांनीं पत्करलेल्या २०१९ च्या करारांत प्रत्येक संशोधकास वर्षांतून निदान १० दिवस स्वतःच्या व्यावसायिक उन्नतीसाठीं मिळावे असें नमूद आहे. आमच्याकडे एवढें कां होऊं नये? विद्यावेतन मात्र महिन्याच्या महिन्यास पोंचलें पाहिजे. त्यावांचून बाकीचा उपदेश पोकळ आहे.

स्त्रियांची अडचण याहून निराळी. हेंच वय लग्नाचें आणि मुलाबाळांचें. रणदिवेबाईंनीं ती ओळखली होती. १९७३ सालीं सहकारी स्त्रीशास्त्रज्ञांसह त्यांनीं भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापिली. पुढें त्या संघटनेनें वाशीस नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृह व पाळणाघर चालविलें. पाळण्याची व्यवस्था झाली तरच आईस प्रयोगशाळेंत निश्चिंत उभें राहतां येतें, हा व्यवहार त्यामागें होता.

राहिला प्रश्न आपल्या घरांचा. "अजून शिकतोसच का?" हा आपला कौतुकानें विचारलेला प्रश्न या मुलांच्या जिव्हारीं लागतो. तीं शिकत नसतात, काम करीत असतात. फक्त त्या कामास कायमची जागा मिळालेली नसते. पूर्वीं स्नातक घरीं आला कीं त्यास मधुपर्क देऊन सन्मानानें आसनावर बसवीत. आज पेढे वाटून झाल्यावर आपण त्यास हिशेब विचारतों. तो हिशेब विद्यापीठास आणि सरकारास विचारावा. मुलांस दोन वर्षें धीर द्यावा.