मुद्दाम आणि जाता जाता : गुप्त ग्राहकाचा मेहनताना व वाटखर्च

आपल्या दुकानांतील, उपाहारगृहांतील वा बँकांतील सेवा प्रत्यक्षात कशी आहे हे पाहण्यासाठी व्यापारी संस्था कधी कधी एखाद्या अपरिचित माणसास सामान्य ग्राहकाच्या रूपाने तेथे पाठवितात. तो काही खरेदी करतो, थोडी विचारपूस करतो, किती वेळ ताटकळावे लागले, विक्रेता काय बोलला, कोणत्या शब्दांत बोलला, हे सारे मनात टिपतो आणि घरी परतल्यावर ठरीव प्रश्नावलीत भरून देतो. अमेरिकेत ह्या कामास मिस्टरी शॉपिंग म्हणतात. प्रस्तुत लेखात ते करणाऱ्यास आपण गुप्त ग्राहक म्हणू. भाषाविभागाच्या पत्रिकेत ह्या विषयाला जागा कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या शास्त्रातील एक गाजलेले संशोधन बव्हंशी ह्याच रीतीने झालेले आहे, हे पहिले. दुसरे असे की, अशा कामाचा मोबदला तेथवर जाण्यायेण्याच्या खर्चास पुरतो की नाही हे ठरविताना माणसे फसतात ती पुष्कळदा शब्दांमुळे. आणि शब्दांची झडती घेणे हा तर आपला नित्याचा उद्योग आहे.

काम सामान्यतः अशा स्वरूपात पुढे येते : मेहनताना १० डॉलर, शिवाय जेवणाच्या बिलाची १२ डॉलरपर्यंत भरपाई. (हे आकडे विवेचनासाठी कल्पिलेले आहेत; परंतु ह्या क्षेत्रात ते अपरिचित वाटू नयेत.) वाचणारा मनातल्या मनात बेरीज करतो आणि बावीस डॉलर मिळणार असे धरून चालतो. ही बेरीजच मुळात अयोग्य होय. मेहनताना म्हणजे मेहनतीचे मोल; भरपाई म्हणजे आपण आधी खिशातून घातलेले आपल्याला परत येणे. दोन्ही रकमा एकाच धनादेशातून येत असल्या तरी त्यांची जात एक नव्हे. जे जेवण आपण एरवी घेतलेच नसते, त्याच्या भरपाईने आपली मिळकत एका सेंटनेही वाढत नाही. आपल्याकडे अशा किरकोळ मोबदल्यास हल्ली सर्रास मानधन म्हणतात. त्या शब्दाचे वैशिष्ट्य असे की, तो उच्चारताच पुढचा हिशेब विचारणे अशिष्टपणाचे वाटू लागते. मजुरी म्हटले की माणूस तास मोजतो. मानधन म्हटले की आभार मानतो. ह्याकरिता हिशेबापुरता तरी तो शब्द बाजूला ठेवावा हे बरे.

आता वाटखर्चाकडे वळू. अमेरिकेत मोटारीचा मैलागणिक खर्च किती धरावा ह्याचे एक सोयीचे माप तेथील प्राप्तिकर खाते दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२५ साठी व्यवसायानिमित्त केलेल्या प्रवासाचा दर मैलास ७० सेंट होता. त्याच वर्षी वैद्यकीय उपचारासाठी केलेल्या प्रवासाचा दर मात्र केवळ २१ सेंट होता. मोटार तीच, रस्ता तोच, मग एवढी तफावत का? कारण असे की, पहिल्या दरात मोटारीची किंमत घटत जाणे, विमा, नोंदणी इत्यादी स्थिर खर्चांचा वाटा धरलेला असतो. दुसरा दर केवळ चालविल्याने वाढणाऱ्या, म्हणजे पेट्रोलादी खर्चावर आधारलेला असतो. गुप्त ग्राहकाने ह्यांपैकी कोणता दर घ्यावा? ज्याच्या दारी मोटार घरच्या कामांसाठी आधीच उभी आहे आणि जो महिन्यातून एखादे असे काम घेतो, त्याला २१ सेंट हा आकडा सत्याच्या जवळचा ठरेल. ज्याची मोटार ह्याच कामापायी वर्षाला हजारो मैल धावते, त्याची मोटार ह्याच कामापायी लवकर जुनीही होते. त्याने ७० सेंट धरावेत. दोन्ही दर देशभराच्या सरासरीचे आहेत, हे मात्र विसरू नये.

वरील कामच उदाहरणादाखल घेऊ. उपाहारगृह घरापासून १२ मैलांवर आहे. जाऊन येऊन २४ मैल आणि ५० मिनिटे. सूचना वाचण्यास १५ मिनिटे, प्रत्यक्ष जेवणास ४०, अहवाल लिहिण्यास ३५. एकूण २ तास २० मिनिटे झाली. लहान दराने वाटखर्च ५ डॉलर ४ सेंट होतो. दहातून तो वजा जाता ४ डॉलर ९६ सेंट उरतात. म्हणजे तासाला सुमारे २ डॉलर १३ सेंट. मोठ्या दराने वाटखर्चच १६ डॉलर ८० सेंट भरतो आणि गुप्त ग्राहक ६ डॉलर ८० सेंट पदरचे घालून दुसऱ्याच्या उपाहारगृहाची तपासणी करून येतो. तेथील संघराज्याचा किमान वेतनदर २००९ पासून तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. गुप्त ग्राहक बहुधा स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नेमला जात असल्यामुळे हा दर त्याला कायद्याने लागू होत नाही. पण मोजपट्टी म्हणून तो वापरण्यास कोणाची ना नसावी.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रवास अजिबात वगळला, उपाहारगृह अगदी शेजारच्या घरात आहे असे मानले, तरी उरलेल्या ९० मिनिटांचे किमान वेतन १० डॉलर ८८ सेंट होते. म्हणजे हे काम अंतर शून्य असतानाही त्या पट्टीला उतरत नाही. ‘फार लांब पडते म्हणून परवडत नाही’ अशी तक्रार करणाराने आधी अहवालाची लांबी पाहावी; पुष्कळ कामांत रस्त्यापेक्षा प्रश्नावलीच अधिक वेळ खाते, आणि ती वेळ जाहिरातीत कोठेही लिहिलेली नसते. क्रम असा ठेवावा : प्रथम बसून करावयाच्या कामाचा वेळ मेहनतान्यातून आपल्या अपेक्षित दराने वजा करावा, काही उरलेच तर त्यातून प्रवासाचा वेळ व खर्च भागतो का ते पाहावे. येथे पहिल्याच पायरीवर शिल्लक संपते.

मग अशी कामे कोणीच करू नयेत काय? तसे नाही, आणि ह्याचे उत्तर मराठी भाषेत फार चांगले सांगता येते. ‘मुद्दाम जाणे’ आणि ‘जाता जाता’ ह्या दोन प्रयोगांतील भेद पाहा. ‘शाळेत जाता जाता हे पत्र पेटीत टाक’ असे आई मुलाला सांगते, तेव्हा टपालपेटीपर्यंतचा रस्ता कोणाच्याच खाती पडत नाही. तो शाळेच्या खाती आधीच पडलेला असतो. द्विरुक्त होऊन येणारे हे ‘-ता’ रूप दुसऱ्या क्रियेला पहिलीच्या पाठीवर बसविते. ‘मुद्दाम’ म्हटले की सारा रस्ता त्या एका कामाच्या माथी येतो. अर्थशास्त्रज्ञ ज्याला वाढीव खर्च म्हणतात तो हाच. आपल्या व्याकरणात तो घरगुती रूपाने वावरतो आहे. तेव्हा काम घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न ‘किती लांब आहे?’ हा नसून ‘मी तिकडे जाणारच होतो काय?’ हा होय.

तेच उपाहारगृह कचेरीतून परतण्याच्या वाटेपासून थोडेसेच आड आहे, ३ मैल आणि १० मिनिटे तेवढी वाढतात, असे समजू. वाढीव खर्च लहान दराने ६३ सेंट. ९ डॉलर ३७ सेंट उरले आणि १०० मिनिटे लागली. तासाला ५ डॉलर ६२ सेंट झाले. अजूनही किमान वेतनाखालीच. पण त्या संध्याकाळी बाहेर जेवावयाचे आधीच ठरलेले असेल आणि त्यासाठी ८ डॉलर मोडावेच लागणार असतील, तर तेवढे वाचले हे खरे धरता येते. मग हिशेब १७ डॉलर ३७ सेंटांवर, म्हणजे तासाला सुमारे १० डॉलर ४२ सेंटांवर जातो. बारा डॉलरांचे बिल असूनही आठच का धरावयाचे, तर एरवी जेवढे खर्चिले असते तेवढेच वाचले म्हणावे म्हणून. फुकट मिळालेल्या पक्वान्नाची किंमत भोजनपत्रिकेवरून ठरवू नये, स्वतःच्या सवयीवरून ठरवावी.

मुद्दाम जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दुसरा एक शब्द उपयोगी पडतो : खेप. पाण्याच्या चार खेपा, विटांच्या दोन खेपा असे आपण म्हणतो. ह्यात जाणे-येणे आणि वाहून आणलेला भार एकत्रच मोजला जातो. हेलपाटा ह्या शब्दात अंतर आहे, दमणूक आहे, भार मात्र नाही. एकच रस्ता कधी खेप ठरतो तर कधी हेलपाटा. ते ठरते परतताना किती आणले ह्यावर. वरील २४ मैलांच्या फेरीत एकाऐवजी एकाच बाजारपेठेतील चार कामे उरकली, तर लहान दराने प्रत्येकाच्या वाट्यास १ डॉलर २६ सेंट येतात आणि मोठ्या दराने ४ डॉलर २० सेंट.

ह्याचा उत्तम नमुना म्हणून विल्यम लबॉव्ह ह्यांचे न्यूयॉर्कमधील संशोधन सांगता येईल. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते सॅक्स, मेसीज आणि एस. क्लाइन ह्या तीन मोठ्या दुकानांत ग्राहक म्हणून गेले. पहिले उंची गिऱ्हाइकांचे, दुसरे मध्यम, तिसरे स्वस्ताईचे. चौथ्या मजल्यावर असलेली एखादी वस्तू कोठे मिळेल असे ते विक्रेत्यास विचारीत. ‘फोर्थ फ्लोअर’ असे उत्तर आले की ऐकू न आल्यासारखे करून तेच पुन्हा वदवून घेत. आणि मग नजरेआड होऊन ‘र’ उच्चारला गेला की नाही ते टिपून ठेवीत. ‘र’ नेहमी वा काही वेळा उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० टक्के भरले. उच्चार आणि सामाजिक स्तर ह्यांच्या संबंधाविषयी ह्या आकड्यांनी केवढी चर्चा घडवून आणली ते येथे सांगण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, तिन्ही दुकाने मॅनहॅटनच्या जेमतेम दोन मैलांच्या टापूत होती, आणि २६४ विक्रेत्यांच्या नोंदी घेण्यास सारे मिळून सुमारे साडेसहा तास लागले. एका नोंदीस दीड मिनिट! घरोघर जाऊन तासन्‌तास मुलाखती घेणाऱ्या सर्वेक्षकास ह्या खेपेचा हेवा वाटावा. अर्थात लबॉव्ह ह्यांना पस्तीस मिनिटांची प्रश्नावली भरावयाची नव्हती, हेही खरे.

आणखी एक खर्च कागदावर दिसत नाही, तो म्हणजे नाकारले जाण्याचा. पावती हरवली, ठरलेल्या वेळेच्या आधी वा नंतर गेले, एखादा प्रश्न सुटला, की अहवाल नाकारला जाऊ शकतो. आणि मग मेहनतान्याबरोबर भरपाईही बुडते. वरच्यासारखी दहा कामे केली व एक नाकारले गेले, तर १२० डॉलर खर्चून १९८ मिळतात. शंभराच्या जागी अठ्ठ्याहत्तर. दहांतून एकच काम गेले, पण मेहनतान्याचा पाचव्याहून अधिक भाग घेऊन गेले. शिवाय मुद्दाम केलेल्या दहाही फेऱ्यांचा वाटखर्च तर झालेलाच आहे : लहान दराने ५० डॉलर ४० सेंट. हाती राहिले २७ डॉलर ६० सेंट, तेवीस तासांहून अधिक श्रमांचे.

कामे वाटणाऱ्या संस्था मुदत संपत आली आणि काम कोणी घेतले नाही, तर मेहनताना पुष्कळदा वाढवितात. आडगावचे काम म्हणूनच पहिल्या दिवशी घेऊ नये. थांबल्याने ते दुसऱ्याने नेले, तर आपले काहीच गेले नाही. ‘प्रवासाची वजावट मिळते’ ह्या आश्वासनावर मात्र विसंबू नये. येथेही शब्दच घात करतो. वजावट म्हणजे परतफेड नव्हे. ७० सेंटांच्या दराने १६ डॉलर ८० सेंट करपात्र उत्पन्नातून वजा झाले आणि कराचा एकंदर दर समजा २५ टक्के असला, तर प्रत्यक्षात वाचतात ४ डॉलर २० सेंट. तेही ज्यावर कर भरावा लागला असता असे दुसरे उत्पन्न असेल तर.

आपले काही विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस जातात, म्हणून दोन इशारे येथेच नोंदवितो. विद्यार्थी-व्हिसावर असलेल्यास विद्यापीठाबाहेर कमाई करण्यास परवानगी लागते, आणि स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घेतलेले फुटकळ कामही ह्यातून सुटत नाही. दुसरे म्हणजे, नाव नोंदविण्यासाठी आधी पैसे मागणारा, किंवा मोठ्या रकमेचा धनादेश पाठवून तो बँकेत भरा व त्यातील काही रक्कम आम्हांस परत पाठवा असे सांगणारा, हा ठकच समजावा. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ह्या लबाडीविषयी वारंवार सावध केले आहे. धनादेश खोटा ठरेपर्यंत आपले पैसे निघून गेलेले असतात.

शेवटी दूरध्वनीवरून करावयाच्या तपासण्यांविषयी. त्यांचा मेहनताना सर्वांत कमी, म्हणून पुष्कळजण त्या हाती घेत नाहीत. समजा ५ डॉलरच मिळणार आहेत. पण सूचना, संभाषण आणि अहवाल मिळून ३५ मिनिटांत सारे आटोपत असेल, तर तासाला ८ डॉलर ५७ सेंट पडतात. बारा मैलांवरच्या त्या दहा डॉलरांच्या कामाच्या हे चौपट झाले. येथे ना खेप आहे ना हेलपाटा. घड्याळ तेवढे जवळ ठेवावे लागते.