समुद्रावरचा दस्तरखान : व्हीगन ताट आणि हलालची चौकशी

कोकणातल्या मुस्लिम घरांना जहाज नवं नाही. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर नोकरीला गेले. आपल्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी हजसाठी मुंबई ते जेद्दा हा प्रवास जहाजानेच केला. ती सोय १९९५ पर्यंत होती. मात्र निव्वळ सुट्टी घालवायला जहाजावर जाणं ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. आता मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे क्रूझ जाते. सिंगापूरची सहल काढणारे तिथून तीन-चार रात्रींची समुद्रसफर जोडून घेतात. आखातात नोकरी करणारी मुलं अम्मी-अब्बांना दुबईहून क्रूझवर नेतात.

क्रूझच्या तिकिटात राहणं आणि जेवण दोन्ही आलेलं असतं. सकाळच्या नाश्त्यापासून रात्री उशिरापर्यंत खाणं चालूच असतं. तरीही आपल्यातली काही कुटुंबं परत येतात आणि सांगतात, "चार दिवस ब्रेड, सॅलड आणि बटाट्याच्या फ्राइजवर काढले." पैसे पूर्ण भरायचे आणि पोट अर्धं भरायचं, असं होऊ नये म्हणून हा लेख.

व्हीगन म्हणजे नेमकं काय?

शाकाहारी आणि व्हीगन यांत फरक आहे. व्हीगन माणूस मांस, मासे, अंडी तर खात नाहीच, पण दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधही घेत नाही. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच वर्षी तिथे व्हीगन सोसायटी सुरू केली.

आपल्या घरांत हा प्रश्न दोन वाटांनी येतो. पहिली वाट तरुण मुलामुलींची. कुणाला दूध पचत नाही, कुणाला जनावरांच्या हालांचं मनाला लागतं, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. दुसरी वाट थोरांची. ते घरी मटण आवडीने खातात, पण जहाजावरचं गोश्त जबिहा आहे की नाही याची खात्री नसते. मग ते ठरवतात की हे चार दिवस फक्त शाकाहार. अशा वेळी मेनूवरचा व्हीगन पदार्थ त्यांना सर्वांत सुरक्षित वाटतो.

तो बराचसा सुरक्षित असतोही. पण पूर्णपणे नाही.

दोन वेगळ्या चाळण्या

व्हीगन आणि हलाल या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. एकीतून खाली आलेली वस्तू दुसरीतून येईलच असं नाही.

व्हीगन चाळणी आपली बरीच काळजी दूर करते. जिलेटिन, डुकराची चरबी, चिकनच्या हाडांचं पाणी घातलेलं सूप, जनावराच्या जठरातलं रेनेट घालून केलेलं चीज, किड्यांपासून काढलेला कारमाइन हा लाल रंग, हे सगळं आपोआप बाहेर राहतं.

पण दारू ही वनस्पतीचीच. द्राक्षाची वाइन, जवाची बिअर, उसाची रम यांना व्हीगन नियम अडवत नाही. म्हणून मशरूमच्या सॉसमध्ये वाइन, भाज्यांच्या भज्यांच्या पिठात बिअर, फळांच्या केकमध्ये रम, जपानी पद्धतीच्या टोफूवर मिरिन हे सगळं असूनही पदार्थ व्हीगनच राहतो. व्हॅनिला अर्कही अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. अर्क, सिरका अशा बारीक बाबतीत आलिमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या मसलकप्रमाणे घरूनच विचारून निघावं. जहाजावरच्या वेटरला फतवा विचारण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही पाहा. तुपाची फोडणी दिलेली डाळ, पालक पनीर, मध लावलेली भाजी हे आपल्याला चालतं, व्हीगन मुलीला चालत नाही.

गेल्या वर्षी आम्ही सिंगापूरहून चार रात्रींची सफर केली. सोबत माझी अम्मी होती आणि तीन वर्षांपासून व्हीगन असलेली माझी भाची. पहिल्या रात्री मेनूवर मशरूम सूपपुढे पानाची हिरवी खूण होती. दोघींनी तेच मागवलं. भाचीने वेटरला सहज विचारलं, "यात वाइन आहे का?" तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "हो, थोडी व्हाइट वाइन आहे, पण ती शिजताना उडून जाते." अम्मीने वाटी शांतपणे बाजूला सरकवली. भाचीनेही. मग डाळ आली. ती अम्मीने खाल्ली, भाचीने नाही, कारण वर लोणी होतं. एकाच टेबलावर दोघींची ताटं अशी चुकामूक खेळत होती. दुसऱ्या दिवसापासून दोघींना एकच जेवण मिळू लागलं. त्यासाठी जे केलं ते पुढे सांगते.

तिकीट काढतानाच सांगा

जहाजाला वाटेत बाजार नसतो. प्रवास सुरू होतो त्या बंदरावर बहुतेक सगळा शिधा भरला जातो आणि मग तोच पुरवायचा असतो. सोया दूध, टोफू, व्हीगन चीज यांचा साठा आधी कळलं तरच पुरेसा येतो. म्हणून बुकिंग करतानाच 'विशेष आहार' या रकान्यात लिहावं किंवा एजंटकडून लेखी कळवावं. महिना-दीड महिना आधी सांगितलेलं चांगलं. नुसतं 'व्हेज' लिहू नका. 'जैन' लिहूनही भागत नाही. जैन जेवणात कांदा, लसूण, बटाटा नसतो, पण दूध-तूप असतं.

जहाज निवडतानाही विचार करावा. अमेरिकेच्या ओशियानिया कंपनीने २०१७ साली आपल्या जहाजांवर वनस्पतीजन्य पदार्थांचा मोठा मेनू आणला आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही रात्रीच्या जेवणात व्हीगन पदार्थ ठेवायला सुरुवात केली. सिंगापूरहून निघणाऱ्या गेंटिंग ड्रीम या जहाजावर हलाल आणि भारतीय शाकाहारी, अशी दोन्ही प्रकारची सोय आहे. जेद्दाहून डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या अरोया या सौदी जहाजावर तर दारूच मिळत नाही. तिथे व्हीगन माणसाला फक्त दूध-अंड्याचं विचारावं लागतं, वाइनचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी कुणाला भेटावं?

बुकिंगमध्ये लिहिलं म्हणजे ते टेबलापर्यंत पोहोचलं असं समजू नये. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दुपारी मुख्य डायनिंग हॉलमध्ये जावं आणि हेड वेटरला किंवा मैत्र दी या प्रमुखाला भेटावं. शक्य असेल तर रोज त्याच टेबलावर, त्याच वेळेला जेवणाची सोय मागावी. तेच वेटर रोज असले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे उद्याचा मेनू आज मागणं. अनेक जहाजांवर हेड वेटर दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री आणून दाखवतात. त्यातला एखादा पदार्थ निवडून सांगायचं, "हा वाइनशिवाय, लोण्याशिवाय करून द्या." हजारो लोकांचं जेवण एका वेळी निघतं, गर्दीच्या तासाला सॉस बदलून मिळत नाही, पण एक दिवस आधी सांगितलं तर वेगळं पातेलं चढवता येतं. आमचं काम यामुळेच सोपं झालं. आतला एक आचारी गोव्याचा निघाला. त्याने तेलाच्या फोडणीची डाळ, जिरा राइस आणि नारळाच्या रसातली भाजी दोघींसाठी एकत्रच पाठवली. अम्मी त्याला रोज दुआ देत होती.

सांगायची भाषा छोटी ठेवावी. 'व्हीगन' या एका शब्दावर विसंबू नये. एका कार्डावर लिहून न्यावं : नो मीट, नो फिश, नो एग, नो मिल्क, नो बटर, नो हनी, नो वाइन, नो बिअर. मेनूवरच्या 'व्ही' अक्षराचा अर्थ काही ठिकाणी व्हीगन, तर काही ठिकाणी नुसतं व्हेजिटेरियन असतो. मेनूच्या तळाशी खुलासा असतो, तो वाचावा.

बुफेत डोळे उघडे ठेवा

बुफेत पदार्थ समोर दिसतो, पण आत काय आहे ते दिसत नाही. भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. व्हेज बर्गरची टिक्की अंड्याने बांधलेली असू शकते आणि ती बेकन भाजलेल्याच तव्यावर गरम होते. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकन किंवा डुकराचं काही तळलं जातं का, हे विचारावंच. चिमटे तर सगळे प्रवासी इकडून तिकडे फिरवत असतात. म्हणून बुफे उघडतो त्या वेळी, पहिल्या पंधरा मिनिटांत जावं. फळं, ओट्स, भाजलेले टोमॅटो, साधा भात, उकडलेल्या भाज्या तेव्हा स्वच्छ मिळतात. गोडात आइस्क्रीमऐवजी सॉर्बे मागावं, पण त्यातही लिकर नाही ना, एवढं विचारून.

फक्त फळं आणि सॅलडवर राहू नये. राजमा, छोले, डाळ, टोफू, शेंगदाणे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी थकवा येतो. घरातल्या मधुमेही माणसाने तर हे कटाक्षाने पाळावं.

बंदरावर उतरल्यावर

जहाज एखाद्या शहरात दिवसभर थांबतं, तेव्हा पोटभर जेवायची उत्तम संधी असते. थोडी माहिती हवी.

फुकेतमध्ये 'जे' या नावाचं जेवण मिळतं. ते चिनी बौद्ध परंपरेतलं, मांस, अंडी, दूध काही नसलेलं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ओळखावं. एरवी थायलंडमध्ये भाजीतही माशाचा सॉस पडतो, आणि मलेशियातल्या सांबलमध्ये बेलाचान म्हणजे सुक्या कोळंबीचा गोळा असतो. पेनांगमध्ये मुस्लिमांची हॉटेलं भरपूर आहेत. तिथे 'तोसै' मागितलं की आपला डोसा येतो.

तुर्कस्तानात इस्तंबूल किंवा कुशादासीला उतरलात तर 'झेय्तिनयाली' शब्द लक्षात ठेवा. ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्या, शेंगा, भात भरलेली द्राक्षपानं हे सगळं त्यात येतं. ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचं जेवण 'निस्तिसिमो' म्हणवतं; त्यात मांस, दूध, अंडी नसतात, मात्र कोळंबी-कालवं किंवा मध चालतो, तेवढं विचारावं. इटलीत नेपल्सचा मरिनारा पिझ्झा चीजशिवायच असतो : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. आणि जिनोव्हाच्या बाजूला 'फारिनाता' मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, आणि भट्टीत भाजलेला. आपल्या बेसनाच्या पोळ्याचाच भाऊ.

जहाजावरची फळं किंवा सँडविच घेऊन मात्र बंदरावर उतरू नये. अनेक देशांत त्यावर बंदी आहे आणि दंडही होतो.

सोबत काय न्यावं?

बहुतेक कंपन्या घरी केलेलं जेवण चढू देत नाहीत. कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटं, म्हणजे खाकरे, भाजलेले चणे, खजूर, सुका मेवा, चटणीची पुडी, सहसा चालतात. नियम आधी वाचावेत. विजेची किटली आणि राइस कुकर आगीच्या भीतीने काढून घेतात, तेव्हा तो बेत नकोच. गरम पाणी जहाजावर मागितलं की मिळतं.

एकमेकांचं ताट

शेवटी थोडं घरातल्याबद्दल. व्हीगन झालेल्या मुलाला आपल्याकडे लगेच टोमणा बसतो, "अल्लाहने हलाल केलेलं तू हराम करतोस?" हलाल वस्तू हराम ठरवणं वेगळं आणि ती न खाणं वेगळं. वांगं न आवडणाऱ्याला आपण कधी असं बोलत नाही. तसंच मुलांनीही आजीच्या जबिहाच्या आग्रहाला जुनाटपणा म्हणू नये. एकीला जनावराची काळजी आहे, दुसरीला हुकमाची. आणि गंमत म्हणजे इस्लामने जनावराला भुकेलं ठेवणं, विनाकारण छळणं, त्याच्यासमोर सुरी परजणं यालाही मनाई केलेली आहे. ही गोष्ट दोघींनी एकमेकींना सांगण्यासारखी आहे. जहाजावर वेळ भरपूर असतो.

मुलांना आणखी एक शिकवावं. "यात काय आहे?" असं विचारण्यात लाज नाही आणि उर्मटपणाही नाही. समोरचा वेटर बहुधा घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेला कुणाचा तरी मुलगा असतो. सलाम, नमस्ते, थँक यू जे जमेल ते म्हणावं, नाव विचारावं, मग प्रश्न विचारावा. ताटात हवं तेवढंच घ्यावं. बुफेत रोज किती अन्न वाया जातं ते पाहून जीव हळहळतो. आणि निघताना आपल्यासाठी वेगळं पातेलं चढवणाऱ्या आचाऱ्याचं नाव अभिप्रायाच्या कागदावर जरूर लिहून यावं. पुढच्या सफरीला येणाऱ्या आपल्यासारख्याच कुटुंबाला त्याचा फायदा होईल, इन्शाअल्लाह.