न पाहिलेला गेंडा

एखाद्या जनावराला माणसानं उभ्या आयुष्यात कधी पाहिलेलं नसावं, तरी त्यानं त्याचं चित्र काढावं, आणि ते इतकं भारी वठावं की पुढची दोनशे वर्षं लोकांनी त्या चित्रालाच खरं जनावर मानावं, असं एकदा घडलं. जरा ऐसपैस बसा, कारण ही गोष्ट गुजरातेत सुरू होते, गोव्यावरून बोटीत बसते आणि सारा युरोप फिरून येते.

1510 साली आफोंसो द आल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतलं. पण दर्यावर राज्य करायचं तर एका बंदरानं भागत नाही, म्हणून त्याची नजर गुजरातच्या दीववर होती. 1514 मध्ये त्यानं आपले वकील नजराणे देऊन सुलतान दुसऱ्या मुजफ्फरशहाकडे पाठवले आणि दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतान मोठा धोरणी. त्यानं पाहुण्यांचा मानमरातब केला, किल्ल्याचं नाव काढू दिलं नाही, आणि परतभेट म्हणून जिवंत गेंडा दिला. आता दारात आलेल्या गेंड्याचं करायचं काय? आल्बुकर्कनं त्याला पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे रवाना करायचं ठरवलं.

1515 च्या जानेवारीत मसाल्यांनी भरलेल्या जहाजावर चढून गेंडा गोव्याहून निघाला. सोबत त्याचा राखणदार होता, कागदोपत्री त्याचं नाव ओसेम असं आलंय. मला या प्रवासाचं फार नवल वाटतं. हे जनावर वजनाला दीड-दोन टन, म्हणजे चारापाणीही तसंच लागणार. त्यात गेंडा हा चिखलाचा लोभी प्राणी. ऊन आणि माश्या-किडे यांपासून जीव वाचवायला तो तासन्‌तास डबक्यात लोळतो. आणि इथं त्याच्या पायाखाली लाकडी फळ्या, चहूकडे खारं पाणी, आणि गोडं पाणी मोजूनमापून मिळणारं. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स बेटं असे मुक्काम करत साधारण चार महिन्यांनी, 20 मे 1515 ला, जहाज लिस्बनला लागलं. गेंडा जिवंत होता! याचं श्रेय मी राजाला देत नाही, आल्बुकर्कलाही देत नाही. ते त्या ओसेमचं.

रोमन साम्राज्य गेल्यापासून, म्हणजे हजारावर वर्षांत, युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा आला नव्हता. लिस्बनच्या लोकांनी तोंडात बोटं घातली. नदीच्या मुखाशी बेलेंचा बुरूज तेव्हा बांधून होत होता; त्याच्या एका मनोऱ्याखाली पाथरवटांनी गेंड्याचं डोकं कोरलं. वाऱ्यापावसानं झिजलंय, पण आजही आहे.

आता त्या काळच्या विद्वानांची एक खोड सांगतो. काही नवं दिसलं की ते आधी जुन्या पोथ्या उघडत. प्लिनी नावाच्या रोमन पंडितानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं होतं की गेंडा हा हत्तीचा हाडवैरी, तो दगडावर शिंग परजतो आणि हत्तीचं पोट फाडतो. मानुएल राजाकडे हत्ती होतेच. त्यानं ठरवलं, प्लिनी खरा की खोटा ते पाहूच. 3 जूनला राजवाड्याच्या चौकात गेंडा आणि एक तरणा हत्ती समोरासमोर आणले. गेंडा हुंगत, सावकाश पुढं सरकला. हत्तीनं त्याला एकवार पाहिलं, माणसांची गर्दी पाहिली, आणि चीत्कार करत लोखंडी गज वाकवून जो पळाला तो थेट आपल्या ठाणाकडे. झुंज झालीच नाही, पण लोक म्हणाले, प्लिनी जिंकला.

गंमत अशी की त्याच सुमाराच्या बाबराच्या मनातही हाच प्रश्न होता. पेशावरच्या आसपास तेव्हा गेंडे होते, आणि शिकारीत एक गेंडा नेमका हत्तींच्या समोर निघाला. माहुतांनी हत्ती पुढं काढले, तर गेंडाच तोंड फिरवून भलत्या दिशेनं निघून गेला. बाबरानं ते आपल्या बाबरनाम्यात सरळ लिहून ठेवलंय. लिस्बनला हत्ती पळाला, पेशावरला गेंडा टळला. खरं म्हणजे दोघंही गवतपाला खाणारी जनावरं, त्यांना एकमेकांशी वैर धरण्याचं कारणच नाही.

तिकडे लिस्बनहून एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला पोचलं, आणि ते पडलं आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती. त्याच्या तोडीचा लाकूडठशाचा चित्रकार तेव्हा उत्तर युरोपात नव्हता. गेंडा तर त्यानं पाहिला नव्हता आणि पुढंही कधी पाहणार नव्हता. पण न्यूरेंबर्ग हे चिलखतं घडवणाऱ्या कारागिरांचं गाव, आणि पत्रात लिहिलेलं की याच्या अंगावर जाड कवच आहे. मग काय! ड्यूररच्या गेंड्याच्या खांद्यावर पत्रे चढले, पोटाला फासळ्यांसारख्या पट्ट्या आल्या, पायांवर खवले आले, आणि मानेच्या मागं, पाठीच्या सुरुवातीला, एक छोटं पिळाचं जादा शिंगही उगवलं.

पण त्याला लबाड म्हणू नका. काझीरंगातला गेंडा जवळून पाहा. घडी घातलेली घोंगडी अंगावर टाकावी तशी त्याची कातडी खांद्यामागं आणि मांडीपुढं वळलेली दिसते, आणि खांद्या-मांड्यांवर गोल गोल टेंगळं असतात, अगदी पत्र्याला ठोकलेले खिळेच वाटावेत. दुरून ऐकलेल्या वर्णनातून ड्यूररनं एवढं पकडलं, हे मला त्याच्या चुकांपेक्षा मोठं वाटतं. खऱ्या गेंड्याचं शिंग मात्र हाडाचं नव्हे. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात त्याच केराटिनचं, आणि ते असतं एकच, नाकावर.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनं याच गेंड्याचा दुसरा ठसा केला, तो खऱ्याच्या जास्त जवळचा. त्यात पुढच्या पायांना बांधलेली दोरीसुद्धा आहे. पण त्याची एकच प्रत आज उरलीय, व्हिएन्नामध्ये. ड्यूररचं वीतभर उंचीचं चित्र मात्र हजारोंनी खपलं, लाकडाला तडा गेल्यावरही छापत राहिले, आणि पंडितांनी प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ते पाठीवरच्या शिंगासकट उतरवून घेतलं.

गेंड्याचं पुढं काय झालं ते सांगताना जीव हळहळतो. पोप दहाव्या लिओला मानुएलनं आधीच हिंदुस्थानातला एक पांढरा हत्ती पाठवला होता. त्यानं पोपपुढं गुडघे टेकले आणि सोंडेनं भोवतालच्या बड्या धर्मगुरूंवर पाणी उडवलं, तेव्हा पोप लहान मुलासारखा खूश झाला होता. आता त्याला गेंडाही द्यावा, असं राजाच्या मनानं घेतलं. 1515 च्या डिसेंबरात गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून गेंडा पुन्हा जहाजावर चढला. वाटेत मार्सेजवळच्या एका बेटावर फ्रान्सच्या राजानं त्याला डोळे भरून पाहिलं. आणि पुढं इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. आपला गेंडा उत्तम पोहणारा असतो, ब्रह्मपुत्रेच्या पुरातही पोहत जातो. पण याच्या पायांत साखळदंड होते. साखळी नसती तर कदाचित तो किनाऱ्याला लागलाही असता.

ड्यूररचं चित्र हटवायला शेवटी दुसरा गेंडाच यावा लागला. बंगालमध्ये आई मारली गेलेलं एक पिल्लू एका डच अधिकाऱ्याच्या घरी वाढलं, पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती हिंडलं, आणि 1741 मध्ये एका जहाजाच्या कप्तानाबरोबर हॉलंडला पोचलं. तिचं नाव क्लारा. सतरा वर्षं ती युरोपभर फिरली. पॅरिसला 1749 मध्ये उद्री या चित्रकारानं तिला समोर पाहून खऱ्या मापाचं चित्र केलं. पाठीवरचं शिंग हळूहळू पुस्तकांतून गेलं.

बाबराच्या पेशावरातले गेंडे केव्हाच संपले. आसामात मूठभर उरले होते, तेव्हा 1905 च्या सुमारास काझीरंगा राखण्याचं काम सुरू झालं, आणि 2022 च्या गणनेत तिथं 2613 गेंडे भरले. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं. जायचं तर हिवाळ्यात जा, सकाळी लवकर निघा, आणि घरातल्या पोरांना बरोबर न्या.