एका अडीच सुती बोल्टची पाच कुळे

५/१६ इंच, म्हणजे गॅरेजच्या बोलीत अडीच सूत, जाडीचा बोल्ट घ्या. व्हर्नियरवर तो ७.९४ मिलिमीटर भरतो. त्यावर इंचाला १८ आटे असतील तर तो व्हिटवर्थ, नाहीतर यूएनसी. २२ असतील तर ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बीएसएफ. २४ असतील तर यूएनएफ, आणि २६ असतील तर सायकल आटा. एकाच जाडीची ही पाच कुळे, आणि त्यांना खेटून उभा आजचा ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, जेमतेम ०.०६ मिलिमीटरने जाड. मुंबई ते पनवेल या पट्ट्यात एखादी जुनी मॉरिस, ऑस्टिन किंवा एमजी पुन्हा उभी करायला घेतली की ही पाचही कुळे न विचारताच बाद होतात आणि भोकात आठचा टॅप जातो. गंजाने जितके ब्लॉक वाया जात नाहीत तितके या एका गृहीतकाने जातात, असे माझे ठाम मत आहे.

हे गृहीतक आले कुठून, हे समजून घ्यायला हवे, कारण त्यात कारागिराचा आळस नाही. मुंबईच्या मेकॅनिकचा हात तयार झाला तो कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० वर, म्हणजे पुढच्या पद्मिनीवर. ही गाडी मूळची इटालियन, त्यामुळे आरपार मेट्रिक. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हद्दपार झाली, पण तोवर दोन पिढ्यांच्या बोटांना दहा, तेरा, सतराचे पाने पाठ झाले होते. आज पनवेलजवळच्या कामोठ्याच्या कुठल्याही सेक्टरमध्ये इमारतीखाली उभ्या असलेल्या गाड्याही मेट्रिकच. महिंद्राची जुनी जीप अमेरिकी आट्यांची आणि ॲम्बेसेडरचे बीएमसी इंजिन यूएन आट्यांचे, हे जाणकारांना ठाऊक असते. पण १९५० च्या आधीची ब्रिटिश गाडी आयुष्यात क्वचितच हाताखाली येते. न पाहिलेली गोष्ट हात ओळखणार कशी?

ब्रिटिशांकडे तरी एक पद्धत होती का? जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये पहिली सर्वमान्य पद्धत मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ दोन्ही गोलसर. बिडाच्या जड यंत्रांना ती उत्तम, पण मोटारीच्या थरथरीत तिचे जाड आटे सैल होत. म्हणून १९०८ मध्ये त्याच कोनाचे बारीक आटे, बीएसएफ, आले. त्याआधीच १८८४ मध्ये घड्याळे आणि उपकरणांसाठी ब्रिटिश असोसिएशनचे, म्हणजे बीए आटे ठरले होते. त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मापे चक्क मिलिमीटरवर बेतलेली. १९०२ मध्ये सायकलवाल्यांनी ६० अंशांचे आपले वेगळे आटे केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोल्टला अमेरिकी नट बसेना, तेव्हा कुठे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या यूएन पद्धतीवर (जाड आटे यूएनसी, बारीक यूएनएफ) सह्या केल्या. १९६५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेनेच व्हिटवर्थ, बीएसएफ आणि बीए यांना निरोप दिला. म्हणजे गाडीचे साल हा पहिला पुरावा. तो पुरेसा मात्र नाही: यूएन स्वीकारलेल्या गाडीतही लुकासच्या विजेच्या सामानात आणि स्मिथ्सच्या मीटरांत बीए स्क्रू बराच काळ टिकून राहिले.

दुसरा पुरावा मापाचा. आटे रॉकेलने धुऊन, ब्रशने साफ करून व्यास मोजावा. झिजलेला बोल्ट नेहमी थोडा कमीच भरतो, हे धरून चालावे. मग पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, मोजणारा गेज लावून उजेडासमोर धरावा. गेजची ५५ आणि ६० अंशांची दोन्ही पाती जवळ हवीत, कारण पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची यूएनसी या दोन्हींना इंचाला २०च आटे असतात. फरक फक्त कोनाचा. त्याहून फसवा शून्य नंबरचा बीए: व्यास ६ मिलिमीटर, पिच १ मिलिमीटर, हुबेहूब आजच्या एम-६ सारखा. इथे व्हर्नियर काहीच सांगत नाही, कोनच सांगतो. यूएन बोल्टच्या डोक्यावर बहुधा एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळे कोरलेली असतात, ती दिसली तर काम सोपे.

पाना कुठला बसला यावरून आटा ठरवण्याची सवय मात्र सोडावी. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ लिहिलेल्या पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. १३चा पाना तिथे जात नाही, १४चा सैल बसून कोपरे खातो. हाच पाना ५/१६ बीएसएफलाही बसतो. युद्धकाळात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टची डोकी एक माप लहान केली गेली. त्यानंतरच्या ५/१६ व्हिटवर्थलाही तोच बसतो. सगळ्यात मोठा चकवा मॉरिसचा. कॉव्हेंट्रीतला हॉचकिस हा फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना मॉरिसने १९२३ मध्ये विकत घेतला, मेट्रिक यंत्रांसकट. त्यामुळे एमजी टीसीसारख्या अस्सल इंग्रज गाडीच्या इंजिनात आटे मेट्रिक, ८ मिलिमीटरला १ मिलिमीटर पिच, आणि डोकी व्हिटवर्थची. त्याच घराण्यातली मॉरिस टेन आपल्याकडे ‘हिंदुस्तान टेन’ म्हणून आली. आठचा नेहमीचा टॅप सव्वा मिलिमीटर पिचचा असतो, तो इथेही घातच करतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सत्तर वर्षांच्या दुरुस्त्यांत मूळ बोल्ट उरलेत कुठे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह बोल्ट वाचण्याचा नाही, भोक वाचण्याचा आहे. बोल्ट हरवतो, बदलतो. ब्लॉक आणि गिअरबॉक्सचे ओतीव खोके तसेच राहते. भोकाच्या तळाशी सहसा कुणाचा टॅप पोचलेला नसतो. मऊ लाकडाची कामटी आतून दाबली की आट्यांचे वळ उठतात, ते मोजता येतात. मग खात्रीचा बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहावा. दोन-तीन फेऱ्या गेल्या म्हणून विश्वास ठेवू नये: अर्ध्या इंचात बीएसएफचे ११ आणि यूएनएफचे १२ आटे असतात, त्यामुळे चुकीचा बोल्टही सुरुवातीला चढतो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की भोक गेले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आठचा टॅप मारून टाकावा, बोल्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. इथे गणितच आड येते. १६ मिलिमीटर खोल भोकात ५/१६ व्हिटवर्थचे साधारण ११ आटे असतात, एम-८ चे जवळजवळ १३. भोक फक्त ०.०६ मिलिमीटरने मोठे होणार, म्हणजे जुने आटे निघून जात नाहीत. नवे त्यांना आडवे कापत जातात आणि मागे दोन्हींचे तुकडे उरतात. असा आटा घट्ट करताना धरल्यासारखा वाटतो आणि इंजिन तापल्यावर सुटतो. शिवाय २०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी मिळते. नियम बोल्ट मोजायला सांगत नाही. पण मूळ रूप राखायचे म्हटल्यावर ते रंगापाशी थांबत नाही, असे मला वाटते.

उरतो तो सामान मिळण्याचा प्रश्न. व्हिटवर्थ आटा आपल्यातून गेलेलाच नाही: कामोठ्यातल्या प्रत्येक घरातल्या अर्ध्या इंची नळाचा आटा ५५ अंशांचा, इंचाला १४ आट्यांचा, त्याच घराण्यातला आहे. व्हिटवर्थ आट्यांचे काळे बोल्ट आजही बनतात, पण ते मऊ लोखंडाचे. पत्र्याला किंवा ब्रॅकेटला चालतील, स्टिअरिंग, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडला कधीही नाही. टॅप-डायसाठी मानसरोवर स्थानकाहून हार्बर लोकलने मशीदला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठता येते. आणि बोल्ट कुठेच मिळाला नाही, तर कळंबोली-तळोज्याकडचा जाणता टर्नर तो कापून देऊ शकतो. जुन्या लेथचा लीडस्क्रू इंचाला ४ आट्यांचा असेल तर २० आणि ११० दातांच्या चाकांचे गुणोत्तर बीएसएफचे २२ आटे पाडते. हत्यार तेवढे ६० ऐवजी ५५ अंशांना घासून घ्यायचे. भोक आधीच बिघडले असेल तर ते मोठे करून आत आटेदार पोलादी बुश बसवावा आणि त्या बुशच्या पोटात मूळचेच ५/१६ व्हिटवर्थ आटे पाडावेत.