पवनचक्की गावात आली, तर आपल्या हाती काय येईल?



मागच्या महिन्यात जरीपटक्याच्या ऑफिसात बैठक होती. एका ताईनं विचारलं, "मॅडम, माझी बहीण साक्रीकडे दिली आहे. तिथं पवनचक्क्याच पवनचक्क्या आहेत. त्यांना लाईट फुकट असेल ना?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न एकदम बरोबर होता.

पवनचक्कीला जोराचा वारा लागतो, म्हणून ती उंच, मोकळ्या पठारावर उभारतात. आपल्या राज्यात धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल (ता. साक्री) आणि सातारा जिल्ह्यात वनकुसवडे (ता. पाटण) इथं अशा खूप आहेत. वाऱ्यानं पाती फिरतात आणि त्यावर वीज तयार होते. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. राखेचा त्रास काय असतो, ते कोराडी-खापरखेड्याच्या तायांना मी काय सांगू!

पण ही वीज थेट गावाला मिळत नाही. ती मोठ्या लाईनमध्ये जाते, आपलं बिल येतं तसंच येतं. मग फायदा कोणता?

१. जमिनीचा पैसा. जमीन विकली तर पैसा एकदाच येतो. भाडेपट्ट्यानं दिली तर दरवर्षी येतो आणि मालकी आपलीच राहते. एका चक्कीच्या बुडाला जागा थोडी लागते, बाजूला शेती करता येते.

२. काम. उभारणीच्या वेळी मजुरी भरपूर असते. नंतर राखणदारी, देखभाल अशी मोजकीच कामं उरतात.

३. गावासाठी निधी. कायद्यात बसणाऱ्या मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आणि त्यात आसपासच्या गावांना पसंती द्यायची असते. पाणी, शाळा, दवाखाना मागायची ही जागा आहे.

आता मुद्द्याचं. पैसा कोणाला मिळतो? ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बाईचं नाव तिथं नसेल, तर सहीला तिला कोणी बोलवत नाही. साक्री भागात आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवरूनही मोठा संघर्ष झाला, कारण जमीन कसणाऱ्यांच्या हाती कागद नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. शेतीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे जाऊन विचारा.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठं आल्या पवनचक्क्या? नसतील आल्या. पण सोलरसाठी जमीन मागणारे येत आहेत, आणि प्रश्न तेच आहेत:

• विक्री की भाडेपट्टा? किती वर्षांचा?
• भाडं दरवर्षी किती वाढणार?
• करार मराठीत वाचून दाखवला का? रजिस्ट्री होणार का?
• रस्ता, पांदण, चराई बंद होणार का?

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचा नियम आहे. हे प्रश्न तिथं मांडा, ठरावात लिहून घ्या. तोंडी कबुलीवर अंगठा नको, सही नको.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा सातबारा सोबत आणा. कोणाचं नाव आहे, ते मिळून बघू.