नायक तोच, हात निराळा : दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रकथांतील निर्माते-बदल आणि चाहत्यांचा अभिप्राय

कादंबरीला शेवटचे पान असते. अमेरिकेत ज्यांना 'कॉमिक बुक' म्हणतात त्या चित्रकथा-मासिकांतील अतिमानवी नायकाच्या कथेला मात्र ते नसते. सुपरमॅन १९३८ साली, बॅटमॅन १९३९ साली आणि स्पायडर-मॅन १९६२ साली प्रथम छापला गेला. त्यांच्या कथांचे नवे अंक आजही निघत आहेत. नायकाचे वय वाढत नाही; त्याला घडविणाऱ्या लेखक-चित्रकारांचे मात्र वाढते. त्यांच्यापैकी कोणी थकतो, कोणी मतभेद होऊन निघून जातो, तर कोणाला दूर केले जाते. रिकाम्या जागी दुसरा येतो आणि पुढचा अंक ठरल्या वेळी बाहेर पडतो.

अशा प्रत्येक बदलाच्या वेळी चाहत्यांत वाद माजतो. हा वाद केवळ आवडीनिवडीचा आहे, किंवा जुन्याला चिकटून राहण्याच्या स्वाभाविक वृत्तीचा आहे, असे समजून अभ्यासक सहसा तो बाजूला ठेवतात. प्रस्तुत लेखात निराळे प्रतिपादन करावयाचे आहे. या वादाच्या मुळाशी एक साहित्यशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. अनेक हातांनी, मोबदल्यावर आणि दुसऱ्याच्या मालकीची म्हणून निर्माण होणाऱ्या कथेला कर्ता असतो काय? प्रकाशकांच्या व्यवहाराने दीर्घकाळ या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर दिले. 'हा हात बदलू नका' असे म्हणणाऱ्या चाहत्यांनी मात्र, कदाचित न कळत, त्याचे होकारार्थी उत्तर दिले.

१

चित्रकथा-मासिकाचे काम वाटून केले जाते. एक जण कथा लिहितो, दुसरा पेन्सिलीने चित्रे रेखाटतो, तिसरा त्यांवर शाई फिरवतो, चौथा अक्षरे लिहितो, पाचवा रंग ठरवतो. या सर्वांवर संपादकाची देखरेख असते. नायकाच्या नावावर आणि रूपावर मालकी मात्र बहुधा प्रकाशन-संस्थेची असते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरांना विकले. पुढे १९४७ साली त्यांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यांना काम गमवावे लागले आणि कथांवरून त्यांची नावेही गेली. ती नावे परत छापली जावीत आणि दोघांना वार्षिक निर्वाहवेतन मिळावे, यासाठी १९७५ सालापर्यंत वाट पाहावी लागली. आणि तेही न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर सहव्यावसायिकांनी व वृत्तपत्रांनी निर्माण केलेल्या लोकमताच्या दडपणाने घडले.

या व्यवस्थेत नायक कायम आणि निर्माता बदलता, असे गृहीत धरलेले असते. निर्मात्याच्या बदलाची वार्ता वाचकाला लागू नये, अशीच प्रकाशकाची इच्छा असणार. बॅटमॅनच्या बाबतीत तर हे काटेकोरपणे पाळले गेले. त्याच्या कथांवर अनेक वर्षे एकट्या बॉब केनचे नाव छापले जात होते. प्रत्यक्षात बॅटमॅनचे रूप आणि त्याच्या आरंभीच्या अनेक कथा घडविण्यात बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा होता. १९५३ पासून सुमारे चौदा वर्षे केनच्या नावाखाली शेल्डन मोल्डॉफ हा चित्रकार चित्रे काढीत असे, हेही वाचकांना ठाऊक नव्हते.

२

हा पडदा प्रथम चाहत्यांनी बाजूला सारला, आणि त्यासाठी लागणारे साधन एका संपादकाने त्यांच्या हाती दिले. ज्यूलियस श्वार्ट्झ याने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्या मासिकांतील वाचकांच्या पत्रांखाली लिहिणाऱ्यांचे पूर्ण पत्ते छापण्यास प्रारंभ केला. चांगल्या पत्राबद्दल तो मूळ हस्तलिखित किंवा चित्रांची मूळ पानेही बक्षीस देई. पत्ते हाती आल्यावर दूरदूरच्या गावांतील वाचक आपापसांत पत्रव्यवहार करू लागले. मार्च १९६१ मध्ये जेरी बेल्स या चाहत्याने, रॉय टॉमस या दुसऱ्या चाहत्याच्या सहकार्याने, 'आल्टर-इगो' हे हौशी नियतकालिक घरच्या घरी प्रती काढून वाटण्यास सुरुवात केली. या मंडळींचा मुख्य उद्योग म्हणजे कोणती कथा कोणी लिहिली आणि कोणते चित्र कोणी काढले, याचा शोध. ज्या पानांवर नाव नव्हते, तेथे रेषेचे वळण, चेहऱ्याची ठेवण आणि संवादाची लकब यांवरून ते कर्ता ओळखीत. प्राचीन पोथीतील प्रक्षिप्त भाग ओळखणाऱ्या पंडिताची पद्धती याहून तत्त्वतः निराळी नसते.

१९६४ साली बॅटमॅनच्या मासिकांची सूत्रे याच श्वार्ट्झकडे सोपविण्यात आली. त्या वर्षीच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३२७व्या अंकापासून कार्माइन इन्फॅन्टिनोच्या चित्रांनी 'नवे रूप' अवतरले. नायकाच्या छातीवरील वटवाघळाच्या चिन्हाभोवती पिवळे वर्तुळ आले. परग्रहावरील प्राणी, बुरखाधारी कुत्रा इत्यादी परिवार निरोप घेऊन गेला आणि गुन्हेशोधाला पुन्हा महत्त्व मिळाले. या बदलाचा जो परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, तो मात्र चित्रांत नव्हता. नवे हात आल्यामुळे जुने हात कोणाचे होते, असा प्रश्न उपस्थित झाला. १९६५ साली बेल्सने बिल फिंगरच्या कामगिरीवर लेख लिहून तो चाहत्यांत प्रसृत केला. केनने जाहीर पत्र लिहून ते म्हणणे खोडून काढले. फिंगर १९७४ साली निवर्तला. केनने १९८९ सालच्या आत्मचरित्रात त्याचे ऋण काही अंशी मान्य केले, आणि बॅटमॅनच्या निर्मितीच्या श्रेयात फिंगरचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते २०१५ साली. चाहत्यांनी जे १९६५ मध्ये सांगितले, ते मान्य होण्यास अर्धशतक लागले.

३

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे चाहत्यांचा अभिप्राय आणि खपाचे आकडे परस्परविरुद्ध दिशेला गेल्यासारखे दिसतात. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेल्या स्पायडर-मॅनचे स्वतंत्र मासिक १९६३ साली निघाले. ३८व्या अंकानंतर, १९६६ साली, डिटको निघून गेला. तो वैयक्तिक कारणास्तव जात आहे, एवढेच वाचकांना सांगण्यात आले. ३९व्या अंकापासून जॉन रोमिटा हा चित्रकार आला. त्याने पूर्वी प्रेमकथांच्या मासिकांतून पुष्कळ काम केले होते.

डिटकोचा पीटर पार्कर हा किडकिडीत, चष्मेवाला, खांदे आक्रसून चालणारा मुलगा होता; त्याची बोटे, सांधे, सावल्या या सर्वांतून एक अस्वस्थता प्रकट होई. रोमिटाच्या हाती तो हळूहळू रुंद खांद्यांचा देखणा तरुण झाला, आणि त्याच्या भोवतीच्या तरुणीही देखण्या झाल्या. जुन्या चाहत्यांचा आक्षेप नेमका येथे होता. चित्र वाईट झाले असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणूस बदलला, असे होते. ज्याला जगात जागा सापडत नाही, तो इतका सुखरूप कसा दिसतो, ही त्यांची तक्रार होती.

या तक्रारीत वाचकांना स्वतःला कदाचित जाणवले नसेल इतके तथ्य होते. त्या संस्थेत कथा प्रथम पूर्णपणे लिहिली जात नसे. लेखक-चित्रकारांत कथेचा ढोबळ आराखडा ठरे, मग चित्रकार प्रसंग रचून पाने काढी आणि त्यानंतर संवाद भरले जात. शेवटच्या वर्षभरात तर कथानकाची रचना डिटको स्वतःच करीत असे, आणि तसे श्रेयही त्याला छापून मिळत होते. म्हणजे चित्रकार बदलला तेव्हा निम्मा कथाकारही बदलला. 'चित्रे बदलली आणि गोष्टही बदलली' असे जे वाचकाला वाटले, तो भास नव्हता. निर्मितीच्या पद्धतीचे ते अचूक निदान होते.

तरीही रोमिटा आल्यावर मासिकाचा खप वाढला आणि लवकरच ते त्या संस्थेचे सर्वाधिक खपाचे मासिक बनले. डिटको परत येईल अशा समजुतीने आपण आरंभी त्याच्या रेषेचे अनुकरण केले, असे रोमिटाने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. तो परत आला नाही, आणि पुढच्या पिढीच्या वाचकांना रोमिटाचाच स्पायडर-मॅन 'खरा' वाटू लागला. तात्पर्य, चाहत्यांचा विरोध हा नव्या कामाच्या गुणवत्तेविषयीचा विश्वसनीय निर्णय नव्हे. मात्र जुन्या कामाला एक विशिष्ट कर्ता होता, याचा तो विश्वसनीय पुरावा आहे. या दोन गोष्टींत गल्लत होता कामा नये.

४

तर मग खपाचा आकडा हाच खरा कौल मानावा काय? १९९१ सालचे उदाहरण याचे उत्तर देते. ख्रिस क्लेअरमाँट हा लेखक १९७५ पासून 'एक्स-मेन'च्या कथा लिहीत होता. पुनर्मुद्रणांवर कशीबशी तग धरून राहिलेले ते मासिक या सोळा वर्षांत अमेरिकेतील अग्रगण्य मासिक बनले होते. त्या काळात चित्रकार अनेक बदलले. लेखक एकच राहिला. कथा कोणत्या दिशेने न्यावी याविषयी संपादक आणि जिम ली हा लोकप्रिय चित्रकार यांचे मत निराळे पडले, आणि १९९१ साली नव्याने सुरू झालेल्या 'एक्स-मेन' मासिकाचे तीन अंक लिहून क्लेअरमाँट बाहेर पडला.

त्या नव्या मासिकाच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. हा आकडा वाचकांनी नव्या व्यवस्थेला दिलेला कौल म्हणून सांगितला जातो. परंतु तो तसा घेणे चूक ठरेल. अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनी निघाला होता आणि अनेकांनी ती पाचही घेतली. पुढे किंमत वाढेल या आशेने प्रती साठविणारेही पुष्कळ होते. शिवाय या प्रती प्रकाशकाने विक्रेत्यांना विकल्या होत्या. परत न करण्याच्या अटीवर घेतलेल्या किती प्रती दुकानांतच राहिल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि त्या अंकाची कथा खुद्द क्लेअरमाँटनेच लिहिलेली होती, ही गोष्ट तर सहसा विसरली जाते.

पुढील घटना अधिक बोलकी आहे. १९९२ साली जिम ली आणि इतर काही चित्रकार याच संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी 'इमेज कॉमिक्स' ही स्वतःची संस्था काढली. तेथे निर्मात्याची मालकी निर्मात्याकडेच राहते. अपरिचित नायकांचे त्यांचे अंक वाचकांनी मोठ्या संख्येने घेतले, ते केवळ चित्रकारांच्या नावावर. नायकावाचून निर्माता चालतो, हे तेव्हा बाजारातच सिद्ध झाले.

५

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने साधनांविषयी सावध असावे. मासिकांत छापलेली पत्रे ही संपादकाने निवडलेली, प्रसंगी कापलेली असतात. एका बाजूची चार आणि दुसऱ्या बाजूची चार पत्रे शेजारी ठेवून समतोलाचा देखावा सहज उभा करता येतो. पत्र लिहिणारा वाचक हा सामान्य वाचकही नव्हे. प्रत्यक्ष मतमोजणीही नेहमीच उपयोगी पडत नाही. १९८८ साली बॅटमॅनच्या तरुण साथीदाराने मरावे की जगावे, हे दूरध्वनीवरून ठरविण्यास वाचकांना सांगण्यात आले. मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. अंतर अवघे ७२ मतांचे. पण एकाच व्यक्तीला कितीही वेळा दूरध्वनी करता येत होता. ती दूरध्वनींची गणना होती, माणसांची नव्हे.

म्हणून चाहत्यांच्या अभिप्रायात किती जण कोणत्या बाजूचे, हे शोधण्यापेक्षा ते कोणत्या आधारावर बोलतात, हे पाहणे फलदायी ठरते. हे आधार चार दिसतात. पहिला स्वभावाचा : नायक असे वागणार नाही. दुसरा हाताचा : ही रेषा, हा संवाद त्याचा नव्हे. तिसरा स्मृतीचा : पूर्वी जे घडले त्याच्याशी हे जुळत नाही. चौथा न्यायाचा : ज्याने हे उभे केले त्याला असे घालविणे बरे नव्हे. पहिले आणि तिसरे आधार कथेतील जगाविषयीचे आहेत. दुसरा आणि चौथा कथेबाहेरील माणसाविषयीचे. एखाद्या वादात जोर कोणत्या आधारांवर आहे हे तपासले, म्हणजे तो वाचकवर्ग कथेकडे वस्तू म्हणून पाहतो की कृती म्हणून, याचा अंदाज बांधता येतो.

या अभिप्रायांतील अतिरेक नाकारण्याचे कारण नाही. नव्या माणसाचे काम न वाचताच त्याला दोषी ठरविणे, पहिल्या प्रेमाला मापदंड करणे, हे दोष त्यांत पदोपदी आढळतात. शिवाय आजचा उपरा हा पुष्कळदा कालचा चाहताच असतो. 'आल्टर-इगो'च्या आरंभापासून सहभागी असलेला रॉय टॉमस १९६५ साली या व्यवसायात आला, स्टॅन लीच्या मासिकांपैकी काही त्याच्याकडे आली, आणि १९७२ साली तो त्या संस्थेचा मुख्य संपादक झाला. ज्याने कर्ते ओळखण्याचा अभ्यास केला होता, त्याच्या स्वतःच्या हाताकडे इतर चाहते आता त्याच नजरेने पाहू लागले.

आज या मासिकांच्या मुखपृष्ठावर लेखक-चित्रकारांची नावे ठळकपणे छापलेली असतात. ती तेथे येण्यास व्यवसायातील माणसांचे लढे, न्यायालयीन वाद आणि बाजाराचे गणित ही सर्व कारणे झाली. पण नावच नसलेल्या पानावर नाव शोधणारा पहिला वाचक या सर्वांच्या आधीचा आहे, एवढी नोंद इतिहासकाराने करावयास हवी.